तोरण चढायच्या आधी

"माझ्याच नवसाने पोरीचा व्हिसा अडला गो तुळसा" — असं म्हणाल्या सासूबाई, शब्दाला शब्द. मला नाही हो, मला कशाला म्हणतील, आपल्या जावेला म्हणाल्या. मी पाठच्या दारी बादलीत पाय घालून उभी होते हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. आता तुम्हीच विचारलंत की नारळांचं तोरण कशाचं म्हणून सांगायला लागले, नाहीतर मी एवढी बोलणारी नाही — घरात कुणालाही विचारा, सूनबाय बोलते कधी असं गाव विचारतं. त्या बघा, हिरव्या साडीतल्या, त्या सासूबाई. नारळांना सुतळी बांधतायत ते सासरे — खलाशी होते, त्यांची गाठ सुटायची नाही. आणि खांबाला टेकून मोबाइल बघतोय तो माझा नवरा, संदेश. पोफळीला पॉवरहाउसात असतो, शनिवारी येतो, रविवारी जातो. तुम्ही या बाजूला सरका, तिथे देवळाच्या कौलातून गळतं. टायर बदलायला तुमच्या मिस्टरांना वेळ लागेल, पावसात जॅक घसरतो. पूर्णगडचा किल्ला कुठे पळत नाही.

व्हिसा बेल्जियमचा. तिथे परिषद आहे, शिंपल्यातल्या प्राण्यांवर — तिसऱ्या, कालवं, हेच, आपण खातो तेच. हसा, सगळेच हसतात. तुळसाकाकी तर म्हणाल्या, तिसऱ्यांवर बोलायला एवढ्या लांब कशाला, बंदरावर ये, तिथल्या बायका तुला तासभर ऐकवतील. ऐकवतातच, खोटं नाही त्यात. माझा अर्धा अभ्यास त्यांच्याच बोलण्यावर उभा आहे. मी कॉलेजात शिकवते आणि पीएचडी करते, पूर्णगडच्या खाडीतल्या तिसऱ्या कमी का होतायत यावर. निबंध पाठवला तो लग्नाआधी, स्वीकारल्याचं कळलं ते लग्नानंतर, हळद अजून नखांत होती तेव्हा. घरात कसं सांगायचं म्हणून मी दोन दिवस नुसती ताटं वाढली. शेवटी सांगितलं, तर सासऱ्यांनी जेवता जेवता हात धुतला नि उठून कपाटातून स्वतःचा जुना पासपोर्ट काढून आणला. बेल्जियम म्हणजे अँटवर्प, म्हणाले, अँटवर्प माझं बंदर. किती वेळा गेलो, पण बंदराच्या फाटकाबाहेर ट्रामच्या रुळांपलीकडे काय आहे ते बघितलं नाही. कधी पाऊस, कधी कॅप्टन. तू बघून ये आणि मला सांग.

मग काय, त्यांनीच सगळं हातात घेतलं. निमंत्रणपत्र, कॉलेजचं ना-हरकत पत्र, प्रवासाचा विमा, हॉटेलचं बुकिंग, विमानाचं नुसतं आरक्षण, तिकीट नाही — तिकीट व्हिसा झाल्यावर. लग्नाचं सर्टिफिकेट मिळवायला ग्रामपंचायतीत खेटे त्यांनी घातले. अर्जावर मोबाइल नंबरही त्यांचाच, कारण माझा खाडीत रेंज सोडतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला न्यायला तेच आले, संदेशला रजा नव्हती. खिडकीतल्या मुलीने मला विचारलं, मॅरिड? — मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो, हो. ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगते, मला दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखंच वाटलं. हे बाहेर सासऱ्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, काय विचारलं गो आत? मी म्हटलं, काही नाही, बोटं ठेवायला सांगितली.

आता अडचण कुठे, तर तारखांत. परिषद आणि गौरी एकाच आठवड्यात. तुम्ही कोल्हापूरच्या, तुमच्याकडे ओवसा आहे की नाही ठाऊक नाही — आमच्याकडे नव्या सुनेने पहिल्या वर्षी गौरीला सुपं ओवाळायची, सुपात फळं, पानं, खण, मग तीच सुपं थोरल्यांना द्यायची नि पाया पडायचं. पण तो काही दर वर्षी होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. नाही आली की थांबा. तुळसाकाकींच्या सुनेला तिसऱ्या वर्षी मिळाला, तोवर तिला प्रत्येक हळदीकुंकवाला कुणीतरी विचारायचंच, तुझा ओवसा राहिलाय ना गो? आणि यंदा गौर पूर्वात आहे. सासूबाईंनी माघातच पंचांग बघितलेलं, आमचं लग्न ठरायच्याही आधी. बुरुडाला सुपं सांगून ठेवलेली. आणि मी बेल्जियमचं सांगितलं तेव्हा — हे मी फार दिवस मनात धरून होते — त्या एवढंच म्हणाल्या, थंडी असेल ना तिथे? आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या, जे सकाळीच निवडून झाले होते.

मला वाटलं विषय संपला. तर या देवळात येऊन त्यांनी देवाला सांगितलं, हेही मला पाठच्या दारीच कळलं. यंदा सून ओवशाला घरात राहू दे, तोरण चढवीन. व्हिसा देऊ नको असं नाही म्हणाल्या, तेवढं सभ्य मागणं मागितलं. पण देवाला काय, एकच.

आणि मग तो मेसेज आला, सासऱ्यांच्या मोबाइलवर. तुमच्या अर्जाचा निर्णय झाला असून पासपोर्ट पाठवण्यात आला आहे. बस. काय निर्णय ते लिहीत नाहीत, ते पाकीट फोडल्यावर कळतं. पण सासरे म्हणजे घरातले परराष्ट्रमंत्री. शेजारच्या विनीतचा पासपोर्ट असाच आठवड्यात परत आलेला, नकार घेऊन. सासरे म्हणाले, द्यायचा असतो तेव्हा वेळ लावतात, नाही म्हणायला वेळ लागत नाही. झालं. दुपारपर्यंत वाडीत बातमी — भिकाजीच्या सुनेला साहेबाने नाही म्हटलं. आणि इकडे, पाकिटावर पत्ता कॉलेजचा, म्हणून मी कॉलेजातून निघून कुरियरवाल्याकडे पाकीट घेतलं, तिथेच उभ्या उभ्या फोडलं. व्हिसा चिकटवलेला होता. माझा फोटो त्याच्यावर राखाडी, मेल्यासारखा, पण होता. कुरियरच्या पोऱ्यासमोर रडू नये म्हणून मी त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग खाडीवर नमुने घ्यायचे होते, ते घेतले, गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून, आणि संध्याकाळी घरी आले. चिखलाचे पाय पुढच्या दाराने कसे नेणार, म्हणून पाठीमागून गेले. पाय बादलीत घातले, आणि आतून ऐकलं. जे तुम्हाला आधी सांगितलं ते.

त्या रडत होत्या हो. सासूबाई. मी त्यांना लग्नातही रडताना बघितलं नव्हतं. तुळसाकाकी म्हणत होत्या, बरं झालं, घरात राहील, आणि सासूबाई म्हणाल्या, बरं कसलं, पोर रात्री जागून वाचायची, मी दिवा दिसायचा म्हणून कूस बदलायचे. माझ्या मनात होतं ते देवाने केलं आणि आता मला तिच्याकडे बघवत नाही.

मी पाय पुसले. आत गेले. पर्समध्ये पासपोर्ट. मी म्हणणारच होते — तोंड उघडलं होतं मी — तर सासरे झोपाळ्यावरून उठले नि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाय, म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको, साहेबाची जात. त्यांनी माझ्यासाठी त्यांचा बोटीवरचा लोकरी कोट उन्हं देऊन ठेवला होता, तो मी बघू नये म्हणून त्यांनी खुर्चीवरून उचलला आणि पाठीमागे धरला. एवढा मोठा कोट, पाठीमागे कसला लपतो. आणि मी काय म्हटलं असेन? — मी म्हटलं, असू दे बाबा.

असू दे बाबा. तेवढंच. झालं, तेवढ्या तीन शब्दांवर मी गेल्या मंगळवारपासून जगतेय. आता म्हणाल, दुसऱ्या दिवशी सांगायचं. सांगणारच होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिसऱ्यांचं सुकं केलं — त्या श्रावणात मासळीला शिवत नाहीत, घरात शिजूही देत नाहीत, पण अंगणात वेगळी चूल मांडली, नाकाला पदर लावून माझ्यासाठी केलं. मी खाल्लं. चांगलं झालं होतं. त्यानंतर त्यांनी मला भांडी घासू दिली नाहीत. पाकीट दाखव असंही कुणी म्हटलं नाही, दुखऱ्या जागी कोण बोट ठेवतं. संदेशला फोनवर कळलं तर तो म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू, आणि त्याच्या आवाजात वाईट वाटणं होतं, नाही असं नाही, पण उभ्याने प्रवास करणाऱ्याला अचानक बसायला मिळावं तसं काहीतरी पण होतं. मी त्यालाही नाही सांगितलं. नवऱ्यालाही नाही.

का? — मी पण हेच विचारते स्वतःला, ताई. पहिल्यांदा वाटलं, सासूबाईंची लाज राखायची म्हणून. त्यांना कळायला नको की मी ऐकलं. किती मोठं मन माझं. मग वाटलं, घाबरले असेन, एकटी कधी गोव्यालाही गेले नाही. तेही खरंच. पण खरं कारण... जाऊ दे. नाही, सांगते, तुम्ही काय, टायर झाला की जाल. मला ते आवडत होतं. त्यांनी माझ्याकडे न बघणं. मी स्वयंपाकघरात गेले की त्यांचं हळूच उठून पाट देणं. चार महिने मी त्या घरात दबक्या पावलांनी चालले, आणि आता त्या चालत होत्या. मी त्यांना तसं चालू दिलं. पर्स खुंटीला, पर्समध्ये पासपोर्ट, आणि त्या पर्सखालून माझ्यासाठी चहा घेऊन येणार. एक शब्द बोलले असते तर त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं. आणि अजून एक आहे, ते याहून वाईट. व्हिसा नाही म्हटलं की कुणालाच काही ठरवावं लागत नाही. मला माझ्या तोंडाने, मी ओवसा सोडून जाते, असं म्हणावं लागत नाही. साहेबाने नाही म्हटलं, आमचा काय इलाज. मी चांगली सून पण राहिले नि बिचारी पण.

परिषदवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे, येते की नाही ते. नाही कळवलं तर माझी जागा दुसऱ्या कुणाला देतात, प्रवासखर्चासकट. मी काल नकाराचा मेल लिहून ठेवला, घरगुती कारणामुळे असं. पाठवला नाही. लिहिताना मात्र हात अजिबात अडखळला नाही, त्याची मला भीती वाटली.

आणि आज हे तोरण. सासूबाई सकाळी म्हणाल्या, नवस बोलले होते, तो फेडून टाकते, डोक्यावर नको. कशाचा नवस ते घरात कुणी विचारलं नाही, बायकांचे असतात नवस. मला म्हणाल्या, तू पण चल. आणि रिक्षात, पावसाचा पडदा खाली सोडलेला, माझा हात धरून हळूच म्हणाल्या — आज मी तुझ्यासाठी पण मागणार आहे. पुढल्या खेपेला तुला व्हिसा मिळू दे म्हणून गाऱ्हाणं घालायला सांगितलंय गुरवाला. हात गार होता त्यांचा. मी म्हटलं, कशाला आई. म्हणाल्या, मला घालू दे गो.

म्हणजे न झालेल्या गोष्टीचा नवस फेडायचा आणि झालेल्या गोष्टीचं गाऱ्हाणं. मी काही फार देवभोळी नाही, ताई, पण देवाला असं कात्रीत धरायचं म्हणजे —

उभे राहिले बघा. तोरण बांधून झालं. नाही, तुम्ही बसा, इथूनही ऐकू येतं, गुरवाचा आवाज खणखणीत आहे. तो देवापुढे सगळं मोठ्याने सांगणार, कोण, कुठली, काय मागितलं होतं, आणि प्रत्येक वाक्याला घरच्यांनी होय महाराजा म्हणायचं. घरच्यांनी म्हणजे मी पण. संदेश हाताने बोलावतोय. आले, आले म्हणावं त्याला. ऐका — बा गणराया महाराजा, तुझं लेकरू मथुरा आज तुझ्या पुढ्यात हात जोडून उभी आहे महाराजा. होय महाराजा, तो सासऱ्यांचा आवाज. तिनं तुझ्याकडे सांगणं केलं होतं महाराजा. होय महाराजा. तिची सून ओवशाला घरात राहावी, म्हणून तिचं परदेशाचं जाणं —

पर्स धरता का जरा — नको, द्या इकडे, पर्स लागेल मला. तुम्ही जा आता, तुमचे मिस्टर हॉर्न वाजवतायत. जा ना.

गुरवकाका, गाऱ्हाणं थांबवा. आई, याला होय म्हणू नका. व्हिसा झालाय, हा बघा, मंगळवारपासून माझ्याकडे आहे. तुम्ही तुळसाकाकींपाशी रडलात तेव्हा मी पाठच्या दारी होते, आणि मी तुम्हाला रडू दिलं. तोरण उतरवा किंवा राहू द्या, तुम्ही ठरवा. मी जाते आहे, आई. विचारत नाहीये. सांगतेय.