वाटणीतला सूट

लाँड्रीच्या रांगेत चादर घेऊन उभ्या असलेल्या बाईंच्या पुढे दोन भाऊ होते. दोघांनी एकच चिठ्ठी दोन टोकांना धरली होती आणि दोघंही बोलत होते ते फक्त लाँड्रीवाल्याशी.

"बाबांचा सूट आहे. वाटणीत कोट माझ्याकडे आला. तेवढा द्या."

"आणि पँट माझी. यांना सांगा, तिला हात लावायचा नाही."

"सूट म्हणजे कोट-पँट मिळून एक नग. अर्धा नग देत नाही आम्ही."

"ताईनंच मुद्दाम एका चिठ्ठीवर टाकला हो! उद्या भाचीचं लग्न आहे. म्हणते, बाबांचा सूट फोटोत दिसला नाही, तर दोघंही येऊ नका."

"मग एकानं अख्खा घाला की."

"मी थोरला."

"थोरल्यांचं पोट बघा. पँट गुडघ्यावरच राजीनामा देईल."

"आणि याचे खांदे? त्यापेक्षा तुमचं हँगर भरदार आहे."

"अहो, मिटवा लवकर," बाई म्हणाल्या, "माझी चादर एकाच मालकाची आहे."

थोरला चिठ्ठीकडे बघत राहिला. मग पहिल्यांदाच धाकट्याकडे वळला.

"फोटोत चिकटून उभं राहावं लागेल."

"किती चिकटून?"

"सूट दिसेल इतकं."