सुतळीएवढं अंतर

मॉड : दिवाळीत पत्र आलं आणि तू अजून उत्तर दिलं नाहीस?

मनू : चारदा लिहिलं, चारदा फाडलं. राज्य संघटनेला आपल्या डार्ट्स स्पर्धेचा इतिहास हवाय. तुझा सलग तीन वेळा, तीन बाणांत पूर्ण एकशे ऐंशी गुणांचा विक्रम त्यांच्या पुस्तकात घेणार आहेत.

मॉड : मग पाठव ना. मेल्यावर छापला तर मी काय वाचणार?

मनू : फेकायची रेघ बोर्डापासून किती लांब असायची, ते विचारलंय.

मॉड : सुतळीएवढी.

मनू : ती सुतळी मी मोजली.

मॉड : मोजलीस? दरवर्षी हळदकुंकू लावून, नारळ फोडून काढतो ती?

मनू : म्हणूनच आजवर कोणी मोजली नाही. नियमापेक्षा दीड फूट कमी भरली.

मॉड : काय सांगतोस.

मनू : पहिली स्पर्धा करी रोडला दगडूच्या चाळीतल्या खोलीत झाली. फेकणाऱ्याच्या मागेच दगडूच्या आईची खाट. त्याची बायको, अंबिकावहिनी, म्हणाल्या, "म्हातारयेक पाय लागलो, तर सगळ्यांका भायर काढीन." मग दगडूने खाटेपासून बोर्डापर्यंत सुतळी ताणली आणि कापली.

मॉड : म्हातारी गेली, चाळ गेली, टॉवर आला. आणि आपण हॉलमध्ये अजून तिची खाट सांभाळतोय.

मनू : हो.

मॉड : तरीच बाहेरगावी आपले सगळे आपटायचे. माझा नवरा आर्थर मरेपर्यंत म्हणत होता, नाशिकचं पाणी सोसत नाही.

मनू : खरं लिहिलं तर तुझा विक्रम जातो. खोटं लिहिलं तर... कोणाला कळणार नाही म्हणा. पण माझं मला ठरवता येईना.

मॉड : म्हणून माहीमपर्यंत आलास. ऊठ. माझा बोर्ड भिंतीवर आहे. नियमाची रेघ कुठे येते, दाखव.

मनू : इथे. फ्रिजला टेकून उभी राहा.

(मॉड तीन बाण फेकते.)

मॉड : चष्मा नाही माझ्याकडे. सांग.

मनू : दोन खाली पडले. एक लागलाय.

मॉड : कुठे?

मनू : कॅलेंडरला. येत्या शुक्रवारी.

मॉड : हसू नकोस. कागद घे. लिही, दीड फूट कमी. आणि खाली लिही, म्हातारीला एकदाही पाय लागला नाही.

मनू : तुझं नाव पुस्तकात येणार नाही, मॉड.

मॉड : ऐकू येतं मला. लिही.

मनू : लिहिलं. पाकीट चिकटवलं. खाली उतरून टाकतो.

मॉड : एकटा गेलास तर परत फाडशील. मी येते.

(दोघे खाली टपालपेटीपाशी येतात.)

मनू : पत्ता एकदा बघून घेतो.

मॉड : पेटीसमोर उभा राहून? तिसऱ्यांदा बघतोयस. सोड ते.

मनू : सोडलं.

मॉड : चल घरी. या वयात दीड फूट मागे जायचंय, वेळ लागेल.