बेपत्ता अध्यक्ष आणि लग्नाचा माईक

मी, सौ. नीलिमा खांबेटे, वय ४१ वर्षे, व्यवसाय इतिहासाची प्राध्यापिका, राहणार अंबरनाथ पूर्व. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

उल्हास खोरे इतिहास परिषदेची मी चिटणीस आहे. परिषदेचे अध्यक्ष प्रा. विष्णुपंत मोघे, वय ६७, निवृत्त, राहणार बदलापूर, यांना टेम्पोतून बळजबरीने नेल्याची तक्रार मी गेल्या रविवारी, १२ फेब्रुवारी १९८९ रोजी दिली होती. त्याबाबत आज खुलासा करीत आहे.

त्या दिवशी अंबरनाथला एका शाळेच्या सभागृहात परिषदेचे अधिवेशन होते. उल्हास नदीतून होणाऱ्या मिठाच्या वाहतुकीवर मोघे सर अकरा वर्षे काम करीत होते. त्यांचा निबंध जेवणाच्या अगदी आधी ठेवलेला होता. त्या सत्राच्या अध्यक्षस्थानी परिषदेचे उपाध्यक्ष प्रा. शशिकांत टिपणीस होते. पुऱ्यांचा वास आल्यावर सभासद एकेक करून उठले. शेवटी आम्ही सातजण उरलो. त्यांतील दोघे झोपले होते.

टिपणीसांनी तीनदा घंटी वाजवली. सर थांबले नाहीत. तेवढ्यात मंडपवाल्याचा माणूस किसन माईक न्यायला आला, कारण तोच माईक उल्हासनगर कॅम्प २ मध्ये एका लग्नाला द्यायचा होता. टिपणीस त्याला म्हणाले, घेऊन जा. सरांनी माईकचा दांडा सोडला नाही. "अजून निष्कर्ष राहिलेत," एवढेच ते म्हणाले. किसनने पुष्कळ विनवण्या केल्या. मग त्याने दांडा उचलला, तसे सरही दांड्याबरोबर निघाले आणि टेम्पोत मागे कर्ण्याशेजारी बसले. त्यांना कोणी ओढले नाही.

जेवणानंतर सर्वसाधारण सभा व निवडणूक होती. अध्यक्ष सभा सोडून गेले, असे सांगून टिपणीस त्यांच्या खुर्चीत बसले. सभासदांत दोन तट पडले. मी इथे येऊन तक्रार दिली. टिपणीसांना खुर्चीत पाहून आल्यामुळे मला 'बळजबरीने' हा शब्द सुचला.

नंतर मी हवालदारांसोबत कॅम्प २ मध्ये गेले. सर नवरा-नवरीशेजारी उभे राहून निबंध वाचत होते. पाहुणे पंगतीत जेवत होते. पहिल्या खुर्चीवर नवरीचे आजोबा हेमनदास बसले होते, ते लक्ष देऊन ऐकत होते. निष्कर्ष संपल्यावर त्यांनी विचारले, "प्रोफेसर साईं, मीठ आलं, नावा आल्या, इंग्रज पण आला. हम लोग कब आएंगे?"

सरांनी कागदांची घडी केली आणि माईक हेमनदासांच्या हातात दिला.

हेमनदास सांगू लागले. फाळणीनंतर सिंधमधून ते आईबरोबर निघाले होते. इथे लष्कराच्या बराकीत एका खोलीत चार कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा पडदा. आई जाईपर्यंत तिकडच्या घराची किल्ली पदराला बांधून होती. पंगत थांबली. हवालदार टोपी काढून खाली बसले. मी काही वेळ बाहेर जाऊन उभी राहिले. त्याचे कारण या जबाबात आवश्यक नाही.

परत आल्यावर मी सरांना खुर्चीबद्दल सांगितले. ते म्हणाले, "बसू दे गं. मला आता वेळ नाही." त्याच संध्याकाळी टिपणीस अध्यक्षपदी बिनविरोध निवडून आले.

किसनविरुद्ध माझी काही तक्रार नाही. मोघे सर त्या दिवसापासून हेमनदासांच्या घरी राहून त्यांची हकिगत लिहून घेत आहेत. सरांना कोणी डांबून ठेवलेले नाही. काल मी त्यांचे कपडे व दाढीचे सामान पोहोचवले. परत कधी येणार, असे विचारले असता, आपण अजून १९४८ सालातच आहोत, असे त्यांनी सांगितले.

हा माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. लिहिणाऱ्यांनी 'निबंध' ऐवजी 'निर्बंध' लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.