सहीच्या आधी सहस्रकुंड

...आणि वर मलाच म्हणते, "दादा, ते केशरी जाकीट काढ, पाखरं उडून चालली!" आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं रेल्वेत गँगमन होतो मी, मुदखेड-आदिलाबाद लाइनीवर, उन्हात, पावसात, धुक्यात, आणि दुरून इंजिनवाल्याला माणूस दिसावा म्हणून तर हे जाकीट मिळालं, मग अनोळखी मुलखात, पाण्याच्या काठाला जाताना माणूस काय मातकट रंगाचं घालून जाईल? बुडाला-बिडाला तर दिसायला नको? तर ही म्हणते, "दिसायचंच नसतं दादा! पाखरं बघताना आपण दिसायचंच नसतं!" जन्मभर दिसायची नोकरी केली, आणि आता एकाहत्तराव्या वर्षी चिखलात दडून बसायचं... बरं, बसलो. जाकीट काढलं, घडी घातली, बुडाखाली घेतलं. बोललो काही नाही. मी कमी बोलणारा माणूस, गावात कुणालाही विचारा.

ही म्हणजे कोण? माझी धाकटी बहीण, पंचशीला. मी छप्पन्नच्या आधीचा म्हणून लिंबाजी, ती नंतरची म्हणून पंचशीला. एका आईची दोन लेकरं, पण मधल्या दोन-चार वर्षांत घराचा धर्म बदलला, देव्हारा गेला, नावांची तऱ्हाच बदलली. देगलूरला दिली तिला. तिकडं नर्स होती, लसीचा डबा खांद्याला लावून तांड्या-तांड्यावर पायी फिरली, आणि त्या फिरण्यात तिला हा रोग लागला... पाखरं बघायचा! दाजी वारले, नोकरी संपली, पोरं पुण्याला गेली, आणि बाईनं काय घेतलं असेल? दुर्बीण! अहो, सहासष्ट वर्षांची बाई, गळ्यात दुर्बीण, हातात वही! लोक मला विचारतात, "लिंबाजीराव, नर्सबाई मोजणीवाल्या झाल्या का?" काय सांगावं माणसानं?

पण तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर गेलात कशाला तिच्यासंगं? तेच सांगतो. मला तिची सही पाहिजे होती.

आमच्याकडं रीत आहे. बाप गेला की पोरींची नावंही वारस म्हणून सातबाऱ्यावर चढतात. मग भाऊ बहिणीला बोलावतो, गोडधोड खाऊ घालतो, साडी नेसवतो, आणि बहीण रजिस्ट्री ऑफिसात जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करते, डोळे पुसते, गाडीत बसते. कुणी जास्तीचं विचारत नाही. आमचं बिलोलीच्या अलीकडं अडीच एकर आहे. माझा पोरगा रविकांत, त्याला तिथं घर बांधायचं, आणि बँकवाले म्हणतात आत्याचं नाव निघाल्याबिगर कर्ज नाही. लेखनिकाकडून कागद तयार करून घेतला, बुधवारची तारीख धरली आणि हिला फोन लावला. तर फोनवर ही कशी बोलली ऐका. "देते की सही. मला काय करायचं रान? पण दादा, शनिवारी तू देगलूरला ये. चार दिवस माझ्यासंगं फिर. बिदरच्या पलीकडं मांजरेच्या पाण्यावर पाखरं आलीत, मग तेलंगणात कुंतलाचा धबधबा, मग आपलं सहस्रकुंड. बुधवारी तिथून थेट बिलोली. उभ्या जन्मात तू मला कुठं नेलं न्हाईस."

मी म्हणालो, "बरं." एवढंच. आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. पोरगा म्हणाला, "आबा, आत्या फिरवून फिरवून शेवटी न्हाई म्हणणार बघा." तेव्हापासून डोक्यात किडा!

तर शनिवारी देगलूरहून बिदरची गाडी. आता राज्याची हद्द रुळावरनं ठाऊक होती, पण सडकेवर म्हणजे मला वाटलं मोठी कमान असेल, पोलीस असतील, तपासणी होईल, म्हणून मी आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं घेऊन बसलो, आणि कंडक्टरला तीनदा विचारलं, हद्द आली का? चौथ्यांदा तो म्हणाला, "काका, हद्द मघाशीच गेली." गेली? अशी कशी गेली? कुणी सांगितलं नाही, कुणी थांबवलं नाही! फक्त दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या, एवढंच. बिदरला उतरलो तर संगप्पा नावाचा एक रिक्षावाला, "बर्री बर्री, अज्जा, कुतगोळ्री!" म्हणजे या, बसा. मी म्हणालो, "आज्जा कुणाला म्हणतो रे?" तर ही पुढं होऊन त्याच्याशी घडाघडा कानडीत! मला माहीतच नव्हतं माझ्या बहिणीला कानडी येतं. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि मला माहीत नव्हतं! "हद्दीवरच्या गावाला दिलं तुम्ही मला," म्हणते, "बाळंतिणी काय मराठीत ओरडतात व्हय?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना त्या पाण्यावर. तिथंच ते जाकिटाचं झालं. अर्धा तास चिखलात बसल्यावर हिनं दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. "तो बघ, लांब शेपटीचा. कमळपक्षी." बघितला. पानावर चालत होता, बुडत नव्हता. चांगला होता, खोटं कशाला बोलू? तर ही कानात म्हणते, "हा नर हाय. मादी अंडी घालून निघून जाते, उबवायचं, पिलं संभाळायचं, सगळं ह्यानंच." मी म्हणालो, "आणि ती?" "ती दुसरीकडं." "म्हणजे?" "दुसऱ्या नराकडं." काय म्हणावं हिला? थोरल्या भावाला सांगायची गोष्ट आहे का ही? मी दुर्बीण परत दिली. बोललो काही नाही. पण खिसा चाचपला. कागद होता.

मग निजामाबाद, मग निर्मळ, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, माझी कंबर मोडली, आणि हिची तोंडाची टकळी सुरूच, हा खंड्या, हा कोतवाल, तारेवर बसलेला प्रत्येक जीव हिच्या ओळखीचा! मी आपला एकच विचार करून राहिलो, आता म्हणते का नंतर म्हणते, सही देत नाही म्हणून. कुंतलाला चारशेच्या वर पायऱ्या. उतरायला! म्हणजे तेवढ्याच परत चढायला! मी वरनं म्हणालो, "इथूनबी दिसतं की पाणी." तर हिनं काय करावं? काठी माझ्या हातात दिली आणि मला सोडून उतरायला लागली. गुडघे माझ्यापेक्षा वाईट हायत तिचे! आता बहीण पडली तर? आणि पडली तर सही...? खरं सांगतो, सही आधी आठवली. लाज वाटली, पण आठवली. म्हणून उतरलो मागं. खाली मक्याची कणसं भाजणारी एक म्हातारी होती, पार्वतम्मा, तिनं मला बघितलं आणि, "कूर्चो अन्ना, कूर्चो!" बस भाऊ, बस! आणि हिला तेलुगूत, तेही येतं हिला, काहीतरी विचारून दोघी ह्या हसायला लागल्या... मी म्हणालो, "काय म्हणते?" ही म्हणते, "विचारून राहिली, तुझा भाऊ काय हरवून आलाय, सारखा छातीला हात लावून बघतो?"

कळलं का तुम्हाला? हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

मी कणीस खाल्लं.

मंगळवारी आदिलाबादहून आमच्या लाइनीची गाडी. तिथं माझा जीव जरा भांड्यात पडला, खिडकीतून एक एक पूल ओळखीचा, गिट्टी कुठं कमी पडली तेही मला दिसत होतं, आणि मी हिला सांगत होतो, हे वळण, इथं अठ्ठ्याऐंशी साली रूळ सरकला, रातभर आम्ही... तर ही ऐकत होती. पहिल्यांदा गप बसून ऐकत होती. मग म्हणाली, "इस्लापूरला किती वर्षं होतास रे दादा?" "बारा." "आणि सहस्रकुंड?" आता काय सांगू? बारा वर्षं तिथं काढली, पावसाळ्यात त्या पाण्याचा आवाज लोकांकडनं ऐकला, साहेबलोक जीप करून बघायला जायचे, मला कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायची माझी सवय नाही. मी म्हणालो, "ड्युटी होती." ती म्हणाली, "बारा वर्षं रोज?"

पोचलो. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरनं खाली पडते. ह्या काठाला आपला मराठवाडा, त्या काठाला विदर्भ. पाणी होतं. लई होतं. एवढंच सांगतो, कारण जे होतं ते माझ्या तोंडात मावत नाही. किती वेळ उभा राहिलो मलाच माहीत नाही, आणि खिशाला हात लावायचा राहिला!

मग चहाच्या टपरीत बसलो. अंगावर तुषार, बशीत चहा, आणि ही म्हणते, "आण कागद. वाचू दे." काढून दिला.  तिनं चष्मा लावून ओळ ना ओळ वाचली, घडी घालून माघारी दिला. "ठीक हाय. उद्या करते सही." मी म्हणालो, "मग चार दिवस कशाला पायपीट?" तर शांतपणे म्हणते, "महानंदा आत्यानं बाबांना सही दिली, आठवतं? त्याच्यानंतर कधी आली का घरी? बाबांनी बोलावलं न्हाई, तिनं इचारलं न्हाई. कुणाचं भांडण न्हाई, कुणाची चूक न्हाई. सही झाली की माहेर हळूच मिटून जातं, दादा. मिटायच्या आधी म्हटलं एकदा भावासंगं हिंडून घ्यावं."

मी म्हणालो, "तसं काही होत नसतं."

"बरं," म्हणाली. मग जराशानं, "तू चौथीतनं शाळा सोडलीस, दुसऱ्याच्या रानात सालावर राहिलास, म्हणून मी शिकले. तेव्हा तुझ्याकडनं लिहून घेतलं होतं का रे कुणी? शाळेवरला हक्क सोडला म्हणून?"

  मी चहा प्यालो. गार झाला होता.

बुधवार. बिलोलीचं रजिस्ट्री ऑफिस. रविकांत नवी साडी घेऊन आधीच हजर, "जय भीम आत्या," पाया काय पडतो, खुर्ची काय देतो! आमचा नंबर आला. साहेब भला माणूस होता, रोजचं विचारायचं ते विचारलं. "बाई, स्वखुशीनं सोडता ना? कुणाची जबरदस्ती?"

"न्हाई साहेब. खुशीनं."

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडातनं निघून गेलं, "खोटं बोलून राहिली, साहेब."

 साहेबानं चष्म्यावरनं बघितलं. "तुम्ही कोण?"

"भाऊ."

"म्हणजे लिहून घेणारे तुम्हीच?"

"हाव."

"मग तुमची अडचण काय?"

"मला नको."

"काय नको?"

"तिनं सोडलेलं."

"दादा, गप बस!" ही कोपर मारते. "आबा!" पोरगा ओरडतो. साहेब म्हणतो, "अहो, एवढी वर्षं या टेबलावर बसलो, देणारी रडताना बघितली, घेणारा अडून बसलेला आज बघतो!" आणि मागं रांगेतनं एक जण, "ओ काका, नको तर बाजूला व्हा, आमच्या बहिणी खोळंबल्या हायत!"

बाजूला झालो. बाहेर आल्यावर ही माझ्यावरच उखडली. "चार दिवस पाय तुडवले, चारशे पायऱ्या उतरले, कालच्याला टपरीत सांगता येत नव्हतं?" कसं सांगणार? काल मलाच कुठं माहीत होतं? पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग बँकेत जाऊन त्यानंच विचारलं, तर ते म्हणाले, आत्यांनी संमतीची सही केली तर दोन नावांवरही कर्ज होतं. झालं. हिनं सही केली, पण आधी नकाशा मागवला, उगवतीला एक खोली वाढवून घेतली, "मी आले की इथं राहणार," म्हणाली, आणि महिन्यातनं दोनदा येती. दुर्बिणीसकट.

आता हे सगळं बरंच म्हणायचं. पण पुढचं ऐका. ही गोष्ट पंचक्रोशीत झाली. ज्या बायकांनी सह्या द्यायच्या होत्या त्या म्हणायला लागल्या, आधी धबधबा दाखव, मग बघू! महादेवप्पाची बहीण बिदर मागते, नरसिंगच्या तिघी बहिणी मिळून सहस्रकुंड मागतात, एका बाईनं तर म्हणे समुद्र मागितला! आणि सगळे भाऊ डाफरतात कुणावर? माझ्यावर! पारावर गेलो की उठून जातात, हाटेलात बाकडं रिकामं होतं, दीड महिना झाला, गावातला एक बाप्या माझ्याशी बोलत नाही. म्हणून तर तुम्हाला धरून बसलो सकाळपासून... नाहीतर मी, तुम्हाला सांगतो, फार कमी बोलणारा माणूस.