बाबांनी तपासलेला अर्ज

आमचे बाबा आणि काका बोरगाव मेघेला शेजारी-शेजारीच राहायचे, पण मधल्या भिंतीवरून भांडण झालं आणि तीन वर्षं बोलणं बंद. मी आणि चुलतभावानं मात्र गुपचूप दोन्ही घरचे कॉम्प्युटर वायरनं जोडून फोल्डर शेअर केले.

एक दिवस बाबांना त्यात काकांनी त्यांच्याचविरुद्ध लिहिलेला तक्रारअर्ज सापडला. बाबा मराठीचे निवृत्त मास्तर! त्यांनी शांतपणे सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि फाइल सेव्ह केली.

अर्ज छापताना काकांच्या ते लक्षात आलं. तणतणत आमच्या दारात आले. "दादा, माह्या अर्जाले हात काऊन लावला?"

"अरे, तुले मराठी मीच शिकवलं. साहेबानं हे वाचलं असतं, तर नाक माहं कापलं गेलं असतं!"