शमुवेल सरांचा इको

कुणाचं भलं करायला गेलो की माझ्या हातून असंच होतं बघा. देवळालीला आमच्या चर्चमध्ये शमुवेल सर गिटार वाजवायचे. गिटारचा आवाज घुमवणारं त्यांचं जुनं टेप इकोचं मशीन बंद पडलं, तसं त्यांनी वाजवणंच सोडलं. "तो आवाज न्हाई तर मजा न्हाई," म्हणायचे.

परवा हुबेहूब तसाच आवाज काढणारं, गिटारला जोडायचं पेडल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सरांनी तार छेडली, आवाज घुमत राहिला.

"व्हय, हाच!" म्हणत त्यांनी गाणं धरलं. पण बोटं थरथरत होती, आणि प्रत्येक चूक पुन्हा पुन्हा घुमून ऐकू येत होती.

सर थांबले. "उगा मशीनला दोष दिला रे. बोटंच गेली हुती."

गिटार माझ्याकडे देत म्हणाले, "घेऊन जा."

मी नुसता वायर गुंडाळत बसलो.