जावईबापूंचा परवाना

परवान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक वायरमन आणि त्याच्या सासूबाई उभ्या होत्या.

"आई, वीस वर्षं वायरिंग करतोय. कुणी परवाना मागितला नाही."

"शेजाऱ्यांनी तरी कुठे मागितला होता? घर जळलं, विमावाल्यांनी हात वर केले आणि त्यांचा वायरमन कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय."

"अहो, वायर उंदरानं कुरतडली होती!"

"उंदराला कोण कोर्टात उभं करणार? बिनपरवान्याचा माणूसच सापडतो."

"लेक दिलीत तेव्हा नाही विचारलात परवाना."

"तुमची हमी तिनं घेतली होती, जावईबापू. विमावाले तिचं ऐकत नाहीत."

खिडकीतून परवाना आला. त्यानं तो आधी सासूबाईंच्या हातात दिला.

"मग, तुमच्या स्वयंपाकघराचं वायरिंग उद्या करू?"

"आजच करा. शिडी बाहेर काढूनच निघालेय मी."